पुसता येणारा लेख

थंडी पडली की आमच्या बाजारात मटारचे ढीग लागतात. संध्याकाळी घरोघर शेंगा सोलल्या जातात. दाणे परातीत आणि टरफलं गोठ्यात. वासरू ती हिरवी टरफलं डोळे अर्धवट मिटून सावकाश चघळत उभं असतं. दाणा, वासरू आणि शेंग सोलणारा हात यांच्यात काही नातं असेल, असं त्या वेळी कुणाच्या मनातही येत नाही.

नातं आहे, आणि ते फार जवळचं आहे. या तिघांच्याही पेशींत, पेशीच्या केंद्रकात, एक छोटंसं प्रथिन असतं. हिस्टोन एच-४ हे त्याचं नाव. अवघ्या १०२ अमिनो आम्लांची ही साखळी. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वाटाण्याच्या रोपातलं एच-४ आणि वासराच्या ग्रंथीतलं एच-४ शेजारी शेजारी ठेवून कडीला कडी लावून पाहिली. १०२ कड्यांपैकी फक्त दोन वेगळ्या निघाल्या. वनस्पती आणि प्राणी यांचे पूर्वज वेगवेगळ्या वाटांनी गेले त्याला शंभर कोटींहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात शिंगं आली, फुलं आली, डोळे आले, पंख आले, माणूस उभा राहिला. या साखळीत मात्र दोनच जागा बदलल्या. माणसाचं एच-४ तर वासराच्या एच-४ सारखंच आहे, कडीन्कडी.

जे बदललं तर जगणंच थांबेल, ते निसर्ग इतक्या कसोशीने जपतो. मग हे प्रथिन करतं तरी काय?

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात. कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवायचं, काचपट्टीवर हलकेच चेपायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचं, हा प्रयोग मी दरवर्षी करून घेत असे. लालसर धागे दिसले की मुलं दचकून मागं सरत आणि पुन्हा वाकून बघत. ‘सर, हाच डीएनए का?’ हा प्रश्न ठरलेला. पण त्या धाग्यांत डीएनए एकटा नसतो. वजनाने पाहिलं तर जेवढा डीएनए, जवळजवळ तेवढेच हिस्टोन. डीएनएची कीर्ती जगभर झाली, आणि त्याला जन्मभर अंगावर वागवणारी ही प्रथिनं पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरती उरली.

आपल्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि केंद्रक असतं मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढं. चार प्रकारचे हिस्टोन, प्रत्येकी दोन, असे आठ जण एकत्र येतात आणि त्यांच्याभोवती डीएनएचे पावणेदोन वेढे बसतात. एका वेढणीत १४७ अक्षरं मावतात. मग थोडा मोकळा धागा, मग पुन्हा आठ जण, पुन्हा पावणेदोन वेढे. एका पेशीत अशा जवळजवळ तीन कोटी वेढण्या. रॉजर कॉर्नबर्ग यांनी १९७४ साली ही रचना ओळखली, आणि १९९७ मध्ये झुरिकमध्ये तिचं अणूंपर्यंतचं चित्र हाती आलं. त्या चित्रात दिसतं की हिस्टोनांची टोकं वेढ्यांच्या बाहेर डोकावत असतात. आपली पुढची सगळी गोष्ट या टोकांवर घडते.

डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत अक्षरं तीच असतात. डोळ्याच्या पेशीत पित्त कसं करायचं हे लिहिलेलं असतं, पण ती ते वाचत नाही. जो भाग घट्ट गुंडाळून ठेवला आहे, तिथे वाचणारी यंत्रणा पोचतच नाही. जो सैल आहे, तो वाचला जातो. घट्ट काय राहावं आणि सैल काय व्हावं, हे ठरतं त्या टोकांवर बसणाऱ्या अगदी लहान रासायनिक खुणांनी. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो आणि हिस्टोनच्या टोकांवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर धन, म्हणून दोघं एकमेकांना धरून राहतात. लायसिनवर ॲसिटिलचा कण येऊन बसला की तो धन भार नाहीसा होतो, पकड सुटते, धागा सैल पडतो. मिथाइलची खूण भार बदलत नाही, पण ती कुठे बसली आहे ते ओळखणारी प्रथिनं तिथे गोळा होतात आणि त्या भागाचं काय करायचं ते ठरवतात. एच-३ या हिस्टोनच्या चौथ्या जागी मिथाइलच्या तीन खुणा असल्या तर ते जनुक वाचण्यासाठी खुलं आहे. त्याच एच-३ च्या सत्ताविसाव्या जागी तीन मिथाइल असले तर जनुक मिटलेलं. आणि त्याच सत्ताविसाव्या जागी मिथाइलऐवजी ॲसिटिल बसलं, तर तोच भाग जागा होतो. एकाच आसनावर कोण बसलं आहे, यावरून मौन की बोलणं हे ठरतं.

हे कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. अल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली हंसिणीच्या रक्तातून हिस्टोन वेगळे केले. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या तांबड्या पेशींत नसतं, म्हणून त्यांनी पक्ष्याचं रक्त घेतलं. पेशीतल्या प्रथिनांवरच्या आणि केंद्रकातल्या द्रव्यांवरच्या कामासाठी १९१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पुढे कितीतरी वर्षं हिस्टोन म्हणजे डीएनए बांधून ठेवायचं सामान, एवढीच समजूत राहिली. १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या ग्रंथीतल्या केंद्रकांवर काम करून सुचवलं की ॲसिटिल आणि मिथाइलच्या या खुणा जनुकांच्या कामकाजाशी जोडलेल्या असाव्यात. तीस वर्षं ती सूचना जवळजवळ पडूनच राहिली, कारण या खुणा लावतं कोण, हे सापडत नव्हतं.

ते सापडलं एका डबक्यातल्या जिवात. टेट्राहायमिना हा एकपेशीय जीव, आणि त्याला केंद्रकं दोन. मोठं केंद्रक रोजचं जगणं चालवतं, त्यातली जनुकं सतत वाचली जातात. लहान केंद्रक पुढच्या पिढीसाठी राखलेलं, ते गप्प असतं. मोठ्या केंद्रकाच्या हिस्टोनांवर ॲसिटिल भरपूर, लहान केंद्रकात ते नाही. एकाच देहात बोलणारं आणि न बोलणारं असं दोन्ही शेजारी असताना खूण लावणारा शोधायला याहून चांगली जागा कोणती? डेव्हिड ॲलिस यांनी हा जीव वर्षानुवर्षं धरून ठेवला आणि १९९६ च्या मार्चमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने खूण लावणारं विकर, म्हणजे एन्झाइम, जाहीर केलं. ते यीस्टमधल्या अशा एका प्रथिनाचं भावंड निघालं, जे जनुकं जागी करतं हे आधीच माहीत होतं. पुढच्याच महिन्यात स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने ॲसिटिल काढून टाकणारं विकर शोधलं. एका वसंतात लिहिणारा हात आणि पुसणारा हात, दोन्ही सापडले.

शास्त्रज्ञ आजही असंच बोलतात. खूण करणारी विकरं ती लिहिणारी, ओळखणारी प्रथिनं ती वाचणारी आणि काढणारी ती पुसणारी. हे शब्द मी वर्गात पहिल्यांदा उच्चारले तेव्हा मला आठवली सटवाई.

आमच्या घरी बाळाच्या जन्मानंतर पाचवी पुजली जाई. पाट्यावर वरवंटा, शेजारी विळा, दिवा, आणि एक कोरा कागद आणि लेखणी. आजी सांगे की रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं भविष्य लिहून जाते. तो लेख कुणाला वाचता येत नाही आणि कुणाला टाळता येत नाही. दिवा विझू नये म्हणून बायका जागत. त्या जागण्यात भीती होती, आणि माया तर होतीच. नव्या जिवाचं पुढे काय होणार, या प्रश्नापाशी माणूस जितका हळवा होतो तितका दुसरीकडे कुठेच होत नाही.

पुढे जनुकांचं शास्त्र घराघरांत पोचलं आणि सटवाईची लेखणी आपण जनुकांच्या हाती दिली. ‘रक्तातच आहे’, ‘घराण्यातच आहे’, ‘आता काय, जन्माचंच’ असं आपण म्हणू लागलो. कपाळावरचा लेख पेशीत गेला, पण त्याचं अटळपण तसंच राहिलं. हिस्टोनांच्या खुणांनी नेमक्या या अटळपणाला हात घातला, म्हणून मला त्या इतक्या मोलाच्या वाटतात. अक्षरं जन्माची असतात, हे खरं. पण कोणतं अक्षर वाचायचं हे रोज, पेशीपेशीत, नव्याने ठरतं, आणि ज्या खुणांनी ते ठरतं त्या पुसता येतात. मिथाइलची खूण कायमची असावी, असं दीर्घकाळ मानलं जात होतं. २००४ साली यांग शी यांच्या गटाने तीही पुसणारं विकर शोधून काढलं.

हे केवळ मनाच्या समाधानासाठी नाही. आमच्या भागात ते जगण्यामरण्याशी भिडतं.

माझ्या वर्गात दर हिवाळ्यात काही बाकं रिकामी होत. थंडी वाढली की सिकलसेलच्या मुलांची हाडं दुखू लागतात. ते दुखणं असं की मूल बोलायचं थांबतं. अशाच एका मुलीच्या घरी मी गेलो होतो. ती खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तिची आई माझ्यासमोर उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, ‘सर, हे माह्याच रक्तातून आलं का जी?’ घरातल्यांनी तिला तसं सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, ‘बाई, एका अक्षराची चूक आहे. ती तुमच्याकडून एक आणि हिच्या वडिलांकडून एक, अशी दोन्हीकडून आली तरच हा आजार होतो.’ तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा काही बोलला नाही, पण त्याने आत जाऊन मला पाणी आणून दिलं.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पण ही मुलं जन्मतः बरी असतात. पहिले काही महिने त्यांना काही होत नाही, कारण गर्भात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं आणि त्याच्या साखळीत ही चूक नसते. जन्मानंतर हळूहळू गर्भाचं जनुक मिटत जातं आणि मोठेपणाचं उघडतं. ते मिटवण्याच्या कामात ॲसिटिल पुसणारी विकरंही असतात. म्हणजे या मुलांकडे निरोगी हिमोग्लोबिनची अक्षरं शाबूत असतात. ती नाहीशी झालेली नसतात, मिटवून ठेवलेली असतात. हाडांच्या मगजात, तांबडी पेशी आपलं केंद्रक टाकून देण्याच्या आधी, कोणतं जनुक वाचायचं एवढाच प्रश्न उरतो.

१९८५ साली एक गोष्ट लक्षात आली. मधुमेही मातांच्या बाळांमध्ये हा बदल उशिरा होतो. सुझन पेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागे ब्युटिरेटच्या कुळातली द्रव्यं असावीत असा माग काढला. ब्युटिरेट हे ॲसिटिल पुसणाऱ्या विकरांना अडवतं. आपण ज्वारीची भाकरी, डाळी, भाजीपाला खातो, त्यातला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू त्यापासून हेच ब्युटिरेट तयार करतात. आतड्याचं अस्तर त्यावर जगतं. १९९३ मध्ये सिकलसेल आणि थॅलसेमियाच्या काही रुग्णांना शिरेतून ब्युटिरेट देऊन पाहिलं, तेव्हा मिटलेलं गर्भाचं जनुक पुन्हा उघडू लागलं. तो उपाय पुढे रोजच्या वापराचा झाला नाही. ब्युटिरेट रक्तात टिकत नाही, आणि सगळ्यांना त्याचा सारखा गुण येत नाही. पण मिटलेलं पुन्हा उघडता येतं, हे माणसाच्या देहात दिसलं.

पुढे २००८ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी हे जनुक गप्प ठेवणारं मुख्य प्रथिन ओळखलं. बीसीएल-११-ए. हे प्रथिन आपल्यासोबत ॲसिटिल पुसणाऱ्या विकरांना घेऊन येतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक-संपादनाचा उपचार रक्तपेशींमध्ये याच प्रथिनाचं उत्पादन तोडतो. सिकलसेलचं चुकीचं अक्षर तो दुरुस्त करत नाही. तो फक्त गर्भातलं जुनं हिमोग्लोबिन परत बोलतं करतो. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कोरची-धानोऱ्याच्या घराला तो आकडा चंद्राइतका दूर. आपल्याकडच्या मुलांना आज आधार आहे तो हायड्रॉक्सीयुरियाचा. त्याचा मार्ग वेगळा असला तरी गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवण्याचंच काम तोही करतो. तो वेळेवर आणि सलग मिळाला तर दुखण्याचे दौरे कमी होतात आणि हिवाळ्यात बाकं भरलेली राहतात.

खुणांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती फार दुःखाची आहे. मस्तिष्कस्तंभात, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके जिथून सांभाळले जातात तिथे, लहान मुलांना एक गाठ होते. बहुधा पाच ते दहा वर्षांच्या मुलांना. शस्त्रक्रियेने ती काढता येत नाही. किरणोपचाराने काही महिने मिळतात, आणि बहुतेक मुलं वर्षभराच्या आसपास जातात. २०१२ मध्ये तिचं मूळ सापडलं, आणि ते हिस्टोनमध्येच होतं. एच-३ ची तीच सत्ताविसावी जागा. तिथल्या लायसिनऐवजी मिथिओनिन आलेलं. या गाठींपैकी सुमारे ८० टक्क्यांत हा बदल असतो. माणसाकडे एच-३ ची कितीतरी जनुकं आहेत. त्यांतल्या एकाच प्रतीत हा बदल झाला तरी तो मिथाइल लिहिणाऱ्या विकराला अडवून धरतो, आणि पेशीभर मौनाच्या खुणा विरळ होतात. वाढत्या मेंदूतली जी जनुकं वेळ झाल्यावर मिटायला हवीत ती मिटत नाहीत. पेशी मोठी व्हायचं विसरते आणि नुसती वाढत राहते.

एच-४ प्रमाणेच कोट्यवधी वर्षं जपलेल्या एच-३ च्या साखळीतली एक कडी निसटली की काय होतं, ते इथे दिसतं. वाटाणा आणि वासरू यांच्यात जे बदललं नाही, ते का बदललं नाही, याचं हे सर्वांत कठोर उत्तर आहे.

मूळ सापडल्यामुळे औषधांची दिशाही मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत हा बदल असलेल्या गाठींसाठी पहिल्या औषधाला सशर्त मान्यता मिळाली. ते मोजक्याच रुग्णांना लागू पडतं, पण जिथे काहीच नव्हतं तिथे सुरुवात झाली. त्याआधी २००६ मध्ये त्वचेत होणाऱ्या लिम्फोमा या कर्करोगासाठी ॲसिटिल पुसणाऱ्या विकरांना रोखणारं व्होरिनोस्टॅट आलं, आणि २०२० मध्ये मिथाइल लिहिणाऱ्या विकराला रोखणारं टॅझेमेटोस्टॅट एका दुर्मीळ मांसार्बुदासाठी आलं. कुठे लिहिणारा हात धरायचा, कुठे पुसणारा, हे रोगागणिक वेगळं आहे. म्हणूनच या शास्त्राच्या नावावर जे कुणी सांगतात की अमुक विचार करा, तमुक चूर्ण घ्या, तुमची जनुकं बदलतील, त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. देहभर सगळ्या खुणा एकदम हलवणं धोक्याचं असतं. अपस्मारावरचं जुनं औषध व्हॅल्प्रोएट हेही ॲसिटिल पुसणाऱ्या विकरांना रोखतं, हे २००१ मध्ये कळलं. गरोदरपणी ते घेतलं तर बाळाच्या कण्यात आणि बुद्धीच्या वाढीत दोष येऊ शकतो. ज्या बहिणी ते घेतात त्यांनी गर्भधारणेआधी डॉक्टरांशी बोलावं, आणि स्वतःच्या मनाने ते बंदही करू नये.

या सगळ्या वाचनाने माझ्यात एक गोष्ट पक्की झाली. मुलांच्या मेंदूतल्या त्या गाठीत बदल होतो तो मुलाच्याच एका पेशीत. तो आईने दिलेला नसतो, बापाने दिलेला नसतो. सिकलसेल येतो तो दोघांकडून मिळून. आणि तरी आपल्याकडे आजारी मुलाच्या आईला विचारतात की ग्रहण पाळलं होतंस का, काय खाल्लं होतंस, कुणाच्या घरात हे होतं. दुखऱ्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला आपण वर आरोपीही करतो. सटवाईसाठी रात्र जागणाऱ्या बायकांची माया आपण जपावी, पण लेख अटळ असल्याची समजूत आणि तो बाईच्या माथी मारण्याची सवय मात्र सोडावी.

म्हणून वाचणाऱ्यांना विनंती. विदर्भात, नंदुरबारच्या सातपुड्यात, जिथे जिथे सिकलसेल आहे तिथे लग्न ठरवण्याआधी मुलाने आणि मुलीने दोघांनीही रक्ततपासणी करून घ्यावी. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ती सरकारी आरोग्य केंद्रात होते. दोघंही वाहक, म्हणजे चुकीच्या अक्षराची एकेक प्रत असलेले, निघाले तर लपवू नये, समुपदेशकाशी बोलावं. आणि आजारी मूल घरात असेल तर त्याचं औषध चुकू देऊ नये आणि त्याच्या आईला एकटं सोडू नये.